जन्माने न ठरणारा प्रकार



‘जात रक्तातच असते, निसर्गानेच ती केली आहे’ असे सांगणारी माणसे आपल्याला कचेरीत, लोकलच्या डब्यात आणि वस्तीतही भेटतात. त्यांत शिकलेले लोकही असतात. म्हणून या खेपेस आपण निसर्गातल्याच एका जीवाची माहिती घेऊ. त्याच्यात खरोखरच प्रकार आहेत आणि कोणी कोणाशी जोडी जमवायची हे त्या प्रकारांवरूनच ठरते.

या जीवाचे नाव टेट्राहायमेना. तो गोड्या पाण्यात, डबक्या-तळ्यांत राहतो. त्याचे सारे शरीर म्हणजे एकच पेशी. लांबी मिलिमीटरच्या साधारण विसाव्या भागाइतकी. अंगभर केसांसारखे बारीक तंतू असतात व ते वल्ह्यासारखे हलवून तो पोहतो. परंतु त्याला क्षुद्र समजू नये. १९८९ सालचे रसायनशास्त्राचे आणि २००९ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या शोधांना मिळाले, त्यांत या जीवावरील संशोधनाचा मोठा वाटा होता.

खायला भरपूर असेपर्यंत टेट्राहायमेना एकाचे दोन, दोनाचे चार असा वाढत राहतो. उपासमार सुरू झाली की दोन जीव एकमेकांना चिकटतात आणि आपापल्या वारशाचा निम्मा भाग एकमेकांना देतात. येथे नर-मादी असा भेद नाही. त्याऐवजी सात प्रकार आहेत व शास्त्रज्ञांनी त्यांना एक ते सात असे क्रमांक दिले आहेत. नियम एकच. आपल्याच प्रकाराशी जोडी जमत नाही; उरलेल्या सहांपैकी कोणाशीही जमते.

आता मुख्य प्रश्न. हा प्रकार ठरतो कसा? बापाचा दोन नंबर म्हणून मुलाचाही दोन नंबर, असे आहे काय?

या जीवाच्या पेशीत दोन केंद्रके असतात, एक लहान व एक मोठे. कचेरीत मूळ दस्तऐवज कपाटात कुलूपबंद ठेवतात आणि रोजच्या कामाला त्याच्या झेरॉक्स प्रती वापरतात, तसेच हे आहे. लहान केंद्रकात मूळ वारसा जपलेला असतो व तोच पुढच्या पिढीला जातो. मोठ्या केंद्रकात त्याच्या अनेक प्रती असतात आणि पेशीचा रोजचा कारभार त्यांवर चालतो. जोडी जमल्यानंतर जुने मोठे केंद्रक नष्ट होते आणि नव्या वारशावरून नवे तयार होते. जीवाचा प्रकार ठरतो तो याच वेळी.

डेव्हिड नॅनी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवून दिले की, संततीचा प्रकार आईबापांच्या प्रकारावर अवलंबून नसतो. दोन नंबर आणि पाच नंबर यांच्या जोडीतून सहा नंबर निपजू शकतो. एकाच जोडीच्या वंशात वेगवेगळे प्रकार निघतात. जोडी जमवताना पाण्याचे तापमान किती होते, त्यानेही प्रकारांचे प्रमाण बदलते.

यामागचे गणित २०१३ साली अमेरिकन व चिनी शास्त्रज्ञांनी मिळून उलगडले. लहान केंद्रकात पाच-सहा प्रकारांची जनुके ओळीने मांडलेली असतात, पण सगळी अपुरी. नवे मोठे केंद्रक घडताना त्यांतल्या एकाच प्रकाराची जनुके पूर्ण केली जातात आणि बाकीची कापून टाकली जातात. कोणती राहणार हे योगायोगाने ठरते. म्हणजे कोणते प्रकार शक्य आहेत ती यादी वारशाने मिळते. त्या यादीतला आपला कोणता, हे मात्र दर वेळी नव्याने ठरते.

येथे बाबासाहेबांची आठवण होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की, जातीचे मर्म आपल्यातल्या आपल्यात लग्न करण्याच्या सक्तीत आहे. टेट्राहायमेनाचा नियम याच्या नेमका उलटा आहे.

मग निसर्ग आपल्या बाजूचा आहे असे म्हणून मोकळे व्हावे काय? नाही. याच जातकुळीतला पॅरामेशियम हा दुसरा जीव घ्या. त्याच्यात दोन प्रकार असतात, हे ट्रेसी सॉनबॉर्न यांनी १९३७ साली शोधले. त्याच्या एका जातीत वारशाची देवाणघेवाण होऊन दोघांची जनुके सारखी झाली, तरी प्रत्येक जण बहुधा आपला जुना प्रकारच पुढे चालवतो. जुने मोठे केंद्रक जाता जाता आरएनएच्या बारीक तुकड्यांमार्फत नव्या केंद्रकाला सूचना देऊन जाते, हे पॅरिसच्या संशोधकांनी २०१४ मध्ये सिद्ध केले. म्हणजे एका जीवात प्रकार योगायोगाने ठरतो, तर दुसऱ्यात घराण्याने. कोणी उद्या पॅरामेशियमचा दाखला देऊन जातीचे समर्थन केले तर आपण काय उत्तर देणार?

उत्तर तथागतांनी देऊन ठेवले आहे. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात दोन तरुण वाद घेऊन येतात. ब्राह्मण जन्माने की आचरणाने? भगवान सांगतात की गवत, झाडे, किडे, पशू, मासे, पक्षी यांच्यात जन्माच्या निरनिराळ्या खुणा आहेत. माणसा-माणसांत तशी खूण नाही. माणूस ओळखला जातो तो त्याच्या कर्मावरून. पाण्यातल्या जीवाला नियम निवडता येत नाही. आपण माणसांनी जातीचा नियम केला, म्हणून तो मोडणेही आपल्याच हाती आहे.

१९५६ साली आपण धम्म स्वीकारला. तरीही सोयरीक जुळवताना ‘पोटजात कोणती?’ हा प्रश्न आपल्यातच हळू आवाजात विचारला जातो. मुलगी शिकलेली, मुलगा निर्व्यसनी, दोघांची पसंती. आणि एवढ्याशा प्रश्नावरून बैठक मोडते. आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहिले. त्यांचे नाव घेणाऱ्या घरात तरी हा प्रश्न विचारला जाऊ नये. पुढच्या बैठकीत कोणी तो काढलाच, तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी तो तेथेच थांबवावा, एवढी विनंती.

जयभीम!