छळकथनाचे वाचन : हेलावणे आणि समजणे

अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी वाचून मन हेलावले नाही, असा वाचक विरळाच. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतून वाङ्मयाचा अभ्यास करणारा विद्यार्थी ती अनुवादातून वाचतो, तेव्हा त्याचीही हीच अवस्था होते. प्रश्न त्यापुढचा आहे. हे हेलावणे वाचकाला कोठवर नेते? छळाचे आत्मकथन 'हृदयस्पर्शी' या एका विशेषणापाशी सोडून देण्याची सवय मराठीच्या अध्यापनाला जडली आहे. तीमुळे लेखनावर अन्याय होतो आणि वाचकही अर्ध्या वाटेवर थांबतो.

रोजनिशीमागील घटना सर्वपरिचित आहेत. जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४ या काळात ॲम्स्टरडॅममधील एका इमारतीच्या मागील भागात आठ ज्यू माणसे लपून राहिली. त्यांपैकी अ‍ॅनचे वडील ओटो फ्रँक हेच केवळ वाचले. अ‍ॅनचा अंत १९४५ च्या प्रारंभी बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत, वयाच्या पंधराव्या वर्षी झाला. एक गोष्ट मात्र भावविवश वाचनात हमखास निसटते. मार्च १९४४ मध्ये लंडनहून बोलताना निर्वासित डच सरकारच्या मंत्र्याने युद्धकाळातील रोजनिश्या व पत्रे जपून ठेवण्याचे आवाहन केले. ते नभोवाणीवर ऐकल्यानंतर अ‍ॅनने आपली रोजनिशी पुन्हा लिहावयास घेतली. काही मजकूर तिने गाळला, काही वाढविला, माणसांना टोपणनावे योजिली. 'किटी' या कल्पित मैत्रिणीला उद्देशून लिहिण्याची रीतही तिने पुनर्लेखनात सर्वत्र राबविली. तिला केवळ निष्पाप बळी मानणारा वाचक तिच्यातील जाणत्या लेखिकेला नकळत नाकारतो.

या ठिकाणी दया पवार यांच्या 'बलुतं'ची (१९७८) आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच व्यक्तीची ही दोन रूपे समोरासमोर बसतात. अपमानित 'स्व'कडे पाहण्यासाठी अंतर निर्माण करावे लागते. ते अ‍ॅनने किटीच्या रूपाने निर्माण केले, दया पवारांनी दगडूच्या रूपाने. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये तर 'मी'ची जागा बहुतांशी 'आम्ही' घेते. निवेदनाच्या या निवडींमधूनच अनुभव वाचकापर्यंत पोहोचतो.

हे साम्य मर्यादेतच घ्यावयास हवे. नाझी राजवटीने सुमारे साठ लक्ष ज्यूंचा योजनाबद्ध संहार केला. जातिव्यवस्थेने अस्पृश्याचे श्रम हवे म्हणून त्याला गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राबत ठेवले. हा भेद लेखनाच्या घडणीतही उमटतो. अ‍ॅनचे जग एकेक करून हिरावले जाते. पिवळी चांदणी लावावी लागते, सायकल जमा करावी लागते, ट्राममध्ये बसण्यास मज्जाव होतो. 'बलुतं'मध्ये हिरावून घेण्याजोगे मुळात फारसे काही दिलेलेच नसते. म्हणून पहिल्या लेखनातील काळ तारखांनी पुढे सरकतो, तर दुसऱ्यातील काळ आठवणींच्या ओघात मागेपुढे हिंदकळतो. दोन्हींना 'हृदयस्पर्शी' म्हणून मोकळे होणारी समीक्षा हा फरक सांगू शकत नाही.

येथे वऱ्हाडातील वाचकाच्या स्थानाचा विचार अपरिहार्य ठरतो. कोकणातील बेने इस्रायली समाज शतकानुशतके मराठी बोलत या भूमीत निर्वेधपणे नांदला. ज्यूंच्या छळाचे ओझे मराठी मनावर नाही. त्यामुळे अ‍ॅनसाठी आलेल्या अश्रूंना कसलीही किंमत मोजावी लागत नाही. याच वऱ्हाडात, अमरावतीच्या अंबादेवी मंदिरातील प्रवेशाचा प्रश्न पेटला असता, १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. अकोला जिल्ह्यातील धाकली येथे १९७४ मध्ये गवई बंधूंचे डोळे काढण्यात आले. हे दुःख जवळचे आहे. त्याने हेलावणाऱ्याला आपले घर, आपले गाव आणि आपली जात यांच्याकडे पाहावे लागते.

म्हणूनच की काय, दोन प्रकारच्या लेखनांना दोन वेगळे न्याय लावले जातात. दलित आत्मकथनासमोर 'एकसुरी', 'अतिरंजित', 'कलात्मकतेचे काय?' असे आक्षेप तत्परतेने उभे राहतात. अ‍ॅनच्या रोजनिशीला हे प्रश्न कोणी विचारीत नाही. एका लेखनाला करुणा परीक्षेतून सूट देते, दुसऱ्याला पूर्वग्रह परीक्षेपूर्वीच नापास करतो. परिणाम एकच : दोन्ही पुस्तके खऱ्या अर्थाने न वाचलेलीच राहतात.

दुःखाच्या लेखनाची चिकित्सा हा निर्दयपणा होय, असे कोणी म्हणेल. परंतु लपलेल्या जागेत, पकडले जाण्याच्या भयाखाली, आपलेच लेखन पुन्हा तपासणाऱ्या मुलीच्या श्रमांची दखल घेणे हा निर्दयपणा कसा? उलट तीच तिची खरी बूज होय. हेलावणे हा वाचनाचा आरंभ आहे, हे मान्य करून पदव्युत्तर वर्गात ही पुस्तके शेजारी-शेजारी ठेवली जावीत आणि दोघांनाही तेच प्रश्न विचारले जावेत. लेखक कोणाशी बोलतो? काय गाळतो? काळाची मांडणी कशी करतो? शेवटचा प्रश्न मात्र वाचकासाठी असावा : ॲम्स्टरडॅमसाठी भरून येणारे डोळे धाकलीसाठी कोरडे राहत असतील, तर त्याचे कारण पुस्तकात शोधावयाचे की वाचकात?