एकाच पोराच्या चढाया

परवा विष्णुपुरीला विद्यापीठाच्या मैदानावर आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा सामना बघायला गेलो होतो. नातू नांदेडच्या एका महाविद्यालयाच्या संघात डाव्या कोपऱ्यात खेळतो. समोर लातूरचा संघ होता. आमची पोरं सात गुणांनी हरली. परतताना ऑटोत सगळ्यांचं एकच म्हणणं, "आज त्याचा दिवसच नव्हता." त्याचा म्हणजे आमच्या मुख्य चढाईपटूचा.

मला काही हे पटलं नाही. मास्तरकीची खोड म्हणा, खिशात छोटी वही असते. प्रत्येक चढाईला एक रेघ ओढत गेलो होतो. आमच्या ४२ चढायांपैकी २४ त्या एकट्या पोराच्या, आणि त्यात सात वेळा त्याची पकड झाली. आता दिवस त्याचा नव्हता, की त्याला पाठवणाऱ्यांचा नव्हता?

पूर्वार्धात तो बाहेर बसलेला नसला की तोच जायचा. उत्तरार्धात वेगळा बेत केला. पहिल्या दोन चढायांना दुसरी पोरं जायची, निदान रेषा ओलांडून हात न लावता परत यायची. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणावाच लागतो, नाही तर चढाई करणारा बाद. त्या तिसरीला हा. लातूरच्या पोरांना हे दोनदा दिसल्यावर कळलं. तिसरी आली की त्यांचे दोन्ही कोपरे दबा धरून बसायचे आणि मधली पोरं साखळी धरायची. याला मिळतात तीस सेकंद. त्यातली वीस मध्यरेषेजवळ घालवून हा उरलेल्या दहात खोल शिरायचा. तिथे खेळातली चूक त्याची, हे मान्य. पण पहिल्या दोन चढाया मुद्दाम वाया घालवून त्याला त्या सापळ्यात पाठवायचं कुणी ठरवलं?

खरा सामना हातचा गेला तो शेवटच्या दहा मिनिटांत. मुख्य गडी बाद होऊन बाहेर बसलेला, मैदानात आपले चौघे. दुसऱ्या पोराने जाऊन सुंदर बोनस घेतला. एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला, मागचा हवेत, अगदी पुस्तकात दाखवावा तसा. टाळ्या पडल्या, कर्णधाराने पाठ थोपटली. पुढच्या चढाईला पुन्हा बोनस, मग तिसरा. पण बोनसने गुण मिळतो, बाहेरचा गडी आत येत नाही. तो येतो समोरचा गडी बाद झाला तरच. तेवढ्यात आपला एकेक गडी कमी होत गेला आणि लोण चढला, त्याचे दोन गुण वेगळे. त्या पोराचं पदलालित्य बघून मलाही टाळी वाजवावीशी वाटली होती, खोटं कशाला सांगू! पण बोनसला पाय टाकतोय असं दाखवून पुढे झेपावणाऱ्या कोपऱ्याला हात लावून पळ, हे त्याला बाहेरून कुणीतरी सांगायला हवं होतं.

काही जण म्हणतील, चांगला गडी आहे तर त्यालाच पाठवणार ना. म्हणणं अगदीच चूक नाही. पण १९९० पासून एशियाडची सलग सात सुवर्णपदकं जिंकणारा आपला पुरुष संघ २०१८ ला जकार्तात उपांत्य सामन्यात इराणकडून १८-२७ असा हरला, तेव्हा आपल्याकडे चढाईत नावाजलेल्या गड्यांचा काही तोटा नव्हता. आणि २०२४ च्या मार्चमध्ये पुणेरी पलटणने हरियाणाला २८-२५ ने हरवून प्रो कबड्डी जिंकली, त्या संघात अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते असे तिघे चढाया वाटून घ्यायचे. समोरच्याने कुणासाठी दबा धरावा?

हे सगळं मी इतक्या अधिकाराने लिहितोय त्याला कारण आहे. १९८६ साली मी लातूर जिल्ह्यात एका खेड्यातल्या शाळेवर होतो. खेळाचा शिक्षक नव्हताच, म्हणून मराठी शिकवणाऱ्या माझ्या गळ्यात कबड्डीचा संघ पडला. एक पोरगं होतं, काटक, हरणासारखं. तालुक्याच्या सामन्यांत प्रत्येक चढाईला मी त्यालाच पाठवायचो. अंतिम सामन्यात ते दोनदा माझ्याकडे बघून म्हणालं, "गुरुजी, दम लागलाय." मी म्हणालो, "एकच जा." असं चार वेळा म्हणालो असेन. चौथ्या वेळी कोपऱ्याने पाय धरला आणि वरून तिघे पडले. गुडघा गेला. पुन्हा ते खेळलं नाही. आज लातूरला त्याचं दुकान आहे, भेटलो की चहा पाजतो, पायऱ्या उतरताना कठड्याला धरतो. त्या सामन्याचं तो कधी काढत नाही, मीही नाही. ढाल आम्ही जिंकली होती, हे सांगायचं राहिलं.

असो. घरी आल्यावर वहीचं पान नातवाला दाखवलं. त्याने मोबाइलवर फोटो काढला. म्हणाला, "आजोबा, हे आमच्या कॅप्टनला पाठवू का? राग येईल त्याला." मी म्हणालो, पाठव, पण आधी त्या पोराला दाखव. थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं. त्याने एवढंच विचारलं होतं, "सात वेळा? मला पाचच वाटल्या होत्या."