पाटी कुठे होती, साहेब?

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळी हे कामावरून आले ते मोबाइल पुढे धरूनच. "अगं, मंगळवारी बाजारात गाडी कुठे लावली होतीस? नो पार्किंगचं पाचशेचं चलन आलंय." छातीत धस्स झालं. स्कुटी मी चालवते, पण कागदोपत्री नाव यांचं आणि नंबरही यांचाच. त्यामुळे माझ्या दंडाची बातमी मला सगळ्या घरासमोर कळली. सासूबाई म्हणाल्याच, "चालत गेली असतीस तर?"

मैत्रिणींनो, तुमच्या मनात येईल तेच माझ्याही मनात आलं. भरून टाकावेत आणि मोकळं व्हावं. चौकीची पायरी कोण चढणार? पण मंगळवारी गाडी लावताना मी इकडेतिकडे पाटी शोधली होती, हे पक्कं आठवत होतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन पाहिलं. पाटी होती! सम तारखेला एका बाजूला, विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लावायच्या, ती पी-१, पी-२ ची पाटी. पण तिच्यावर कुणा दादांच्या वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स बांधलेला. शुभेच्छुकांचे वीस फोटो दिसत होते, पाटी तेवढी दिसत नव्हती.

मोबाइलवर चार फोटो काढले आणि चौकीत गेले. तिथले साहेब सभ्य होते, पण म्हणाले, "ताई, बोर्ड नगरपालिकेचा. तिकडे विचारा." नगरपालिकेत गेले तर, "दंड पोलिसांनी केलाय, आमचा काय संबंध?" म्हणजे पाटी एकाची, दंड दुसऱ्याचा आणि हेलपाटे आपले!

इथेच खरी गोम आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठे बदल झाले, दंड वाढले. आपल्या राज्यात वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. चुकीच्या जागी गाडी लावली तर पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा तोच गुन्हा झाला तर १५००. बेशिस्तीला चाप हवाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच कायद्यात वाहनतळ ठरवण्याची आणि रस्त्यावर फलक लावण्याचीही तरतूद आहे. फलक कशासाठी? नियम लोकांना कळावा म्हणून. दंड वाढला, फोटो काढणारा मोबाइल आला, चलन घरबसल्या येऊ लागलं. गावातल्या पाट्या मात्र गंजलेल्या, वाकलेल्या नाहीतर फ्लेक्सखाली झाकलेल्याच राहिल्या. ज्याला नियम दाखवला नाही, त्याच्याकडून तो मोडल्याचा दंड घ्यायचा, हे कुठल्या न्यायात बसतं?

मग मी काय केलं? राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर तक्रार करायची सोय आहे. आधी तिथे चलनासोबतचा फोटो उघडून पाहिला. त्यात फक्त माझी गाडी आणि नंबर. पाटीचा पत्ता नाही. मुलाला शेजारी बसवून चलन क्रमांक टाकला, चार ओळींत हकिकत लिहिली आणि माझे फोटो जोडले. तोच मजकूर कागदावर लिहून वाहतूक शाखेत दिला आणि पोच घेतली. पोच विसरू नका, त्याशिवाय अर्ज दिला याला पुरावा नाही. गाडीमालक म्हणून सही यांची. कुरकुरत का होईना, केली! आणि नगरपालिकेत माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकला : या रस्त्यावर सम-विषम पार्किंगचा आदेश कधी निघाला, पाटी कधी लावली आणि फ्लेक्सला परवानगी कुणी दिली? फी अवघी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. आठवड्याच्या आत फ्लेक्स उतरला. महिन्याभराने चलनही रद्द झालं.

प्रत्येक वेळी असंच होईल, असं मात्र नाही. शेजारच्या वहिनी माझं ऐकून त्यांचं चलन घेऊन आल्या. फोटो पाहिला तर गाडी दवाखान्याच्या फाटकात, वर ठळक पाटी. मी सांगितलं, "वहिनी, हे भरून टाका." दाद मागायची ती आपली बाजू खरी असेल तेव्हाच.

तक्रार फेटाळली तरी दार बंद होत नाही, कोर्टात म्हणणं मांडता येतं. बऱ्याच जणींना लोकअदालतीचा संदेश येतो आणि घर घाबरून जातं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तिथे तडजोड होते, ती दोघांच्या संमतीने. मात्र एकदा मान्य केलं की त्यावर अपील नाही, म्हणून समजून घेऊनच हो म्हणा. आणि हे किती जणींना ठाऊक आहे? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते, मग तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे विचारा.

एक सावधगिरीही हवी. चलनाच्या नावाखाली व्हॉट्सअॅपवर फाइल आली तर ती उघडू नका, त्यातून खातं रिकामं होतं. चलन खरं की खोटं, ते सरकारी संकेतस्थळावरच गाडीचा नंबर टाकून पाहा.

पाचशे रुपये वाचले, पण त्याहून मोठं काही मिळालं. पुढची गाडी माझ्या नावावर घ्यायची, असं घरात ठरलंय. सासूबाईंनीच सुचवलं बरं का! तेव्हा मैत्रिणींनो, चलन आलं की घाबरून लगेच पर्स उघडू नका. आधी जाऊन पाटी पाहा. पाटी दिसली तर दंड भरा. नाही दिसली तर नम्रपणे, पण ठामपणे विचारा, "पाटी कुठे होती, साहेब?"