पायाळू माणूस आणि वीज

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले. आमच्या गावात पायाळू असणं हा एक अर्धवेळ धंदाच आहे म्हणा ना! कुणाच्या कमरेत उसण भरली की बोलावणं येतं. उसणकरी पालथा पडतो, मी दुखऱ्या जागी हलकेच पाय लावतो, मग चहा येतो. उसण जाते की नाही ठाऊक नाही, चहा मात्र चांगला असतो. पायाळूला जमिनीत पुरलेलं धन दिसतं अशीही ख्याती आहे. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढली, मला पगाराखेरीज दुसरं धन अजून दिसलेलं नाही.

पण या मानाची एक किंमत असते. पायाळूवर वीज पडते म्हणतात. त्यामुळे लहानपणी चवथ सरून दसरा जवळ आला, दुपारनंतर डोंगरामागे काळं भरू लागलं, की आई सोप्यावरून हाक मारायची, ‘भितर यो रे!’ मला माजघरात पाटावर बसवायचे. आजी अर्जुनाची नावं घेत कोयता घेऊन बाहेर जायची आणि अंगणात फेकायची. लोखंड पाहून वीज तिकडे जाते, अशी समजूत. शेजारच्या ख्रिस्ती घरातली म्हातारी झावळांच्या आयताराला आशीर्वादून आणलेलं पातं जाळायची. देव वेगवेगळे, भीती एकच.

आज हसू येतं ते एका गोष्टीचं. पायाळू नातू माजघरात सुरक्षित, आणि हातात लोखंड घेऊन उघड्या अंगणात कोण? तर आजी!

हे सगळं गमतीतच राहिलं असतं. पण पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या वाड्यावरची एक बाई ऑक्टोबरात भात कापायला गेली होती. चारच्या सुमाराला गडगडू लागलं. पावसाचे थेंब आले तशी ती शेताच्या कडेच्या आंब्याखाली जाऊन उभी राहिली. बाकीच्या दोघी वाटेवर होत्या, त्या वाचल्या. ही गेली.

बाराव्याला गेलो होतो. सोप्यावर बसलेल्यांत एकच चर्चा, ‘पायाळू होती काय ती?’ तिची म्हातारी आई सत्तरीहून आली होती. ती रडत सांगत होती, की नाही हो, माझी लेक डोक्यानेच जन्मली. कुणी विश्वास ठेवला नाही. लग्नाच्या वेळी लपवलं असणार, असं ठरलं. ज्यांना हे पटलं नाही, त्यांनी राखणदाराचं काहीतरी चुकलं असणार, असा निकाल दिला. म्हणजे बाई जीवानिशी गेली ती गेलीच, वर खोटेपणा नाहीतर पाप, दोहोंतलं एक तिच्या माथी बसलं. घरात लग्नाची मुलगी होती. दोन ठिकाणी जमत आलेलं मोडलं ते याच कुजबुजीवर.

ती मुलगी पुढे नुकसानभरपाईच्या कागदांसाठी आमच्या कचेरीत आली. पंचनामा, शवचिकित्सेचा अहवाल, मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला. मी कागद तपासत होतो. ती मध्येच म्हणाली, ‘भाऊ, तुमी पायाळू मूं? मागीर तुमचेर कशी पडूंक ना?’

मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. माझ्याकडे उत्तर नव्हतं. टेबलावरचा शिक्का उगाच इकडून तिकडे केला. त्या दिवसापासून मी विजेबद्दल जे मिळेल ते वाचत आलो आहे, आणि आज जे लिहितोय ते तिला तेव्हा सांगायला हवं होतं.

पहिली गोष्ट ऑक्टोबरची. आमचा जुलै बघा. आठ-आठ दिवस धो धो कोसळतो, पण कडकडाट क्वचितच. कारण ऐन पावसाळ्यातले किनाऱ्यावरचे ढग बहुधा फार उंच जात नाहीत. वीज तयार व्हायला ढगात बर्फ लागतो. आपल्याकडे साधारण ५ किलोमीटर उंचीवर पाणी गोठण्याइतकी थंडी सुरू होते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये जमीन तापते, समुद्राकडची दमट हवा सह्याद्रीला लागून वर चढते आणि संध्याकाळपर्यंत १२-१५ किलोमीटर उंचीचा मनोरा उभा राहतो. त्याच्या पोटात बर्फाचे हलके स्फटिक आणि गारांसारखे जड दाणे एकमेकांवर आपटतात. स्फटिक धन भार घेऊन वर जातात, दाणे ऋण भार घेऊन खाली राहतात. भार साठत जातो आणि एका क्षणी हवा त्याला अडवू शकत नाही.

मग ढगातून एक वाट खाली येऊ लागते, सुमारे ५०-५० मीटरच्या टप्प्यांनी. प्रत्येक टप्प्याला क्षणाच्याही बारीक अंशाइतकी थांबते आणि पुढची दिशा धरते. ती जमिनीजवळ आली की खालच्या उंच वस्तूंतून वरच्या दिशेने ठिणग्या उठतात. माडाच्या शेंड्यातून, देवळाच्या कळसातून, चर्चच्या क्रुसातून, उघड्या शेतात उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यातूनही. यांतली जी ठिणगी वरून येणाऱ्या वाटेला आधी भिडते, तिथे वीज पडते. तीस हजार अँपिअरच्या आसपासचा प्रवाह त्या वाटेने वाहतो. आपल्या घरातला फ्यूज किती अँपिअरचा असतो ते आठवा. वाटेतली हवा सुमारे ३०,००० अंशांपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. इतकी तापलेली हवा एकदम फुटून पसरते, तोच गडगडाट. वाट काही किलोमीटर लांब असते, जवळच्या टोकाचा आवाज आधी आणि लांबच्याचा नंतर पोचतो, म्हणून तो घरंगळत येतो.

या साऱ्या हिशेबात कोण डोक्याने जन्मला आणि कोण पायाने, याला जागाच नाही. वीज पापावर पडत नाही, ती उंचीवर पडते. कोयत्याचंही तसंच. अंगणात आडवा पडलेला लोखंडाचा तुकडा तिला ओढून घेत नाही. एकटं, उंच आणि टोकदार असणं, याला महत्त्व आहे.

आपल्या भाषेत आकाशातली वीज आणि तारेतली वीज यांना शब्द एकच. गोव्यात तर पहिली चमकली की दुसरी जाते, हे पोरही सांगेल! पण दोन्ही एकच आहेत हे सिद्ध व्हायला १७५२ साल उजाडावं लागलं. बेंजामिन फ्रँकलिनने सुचवलेला प्रयोग त्या वर्षी आधी फ्रान्समध्ये यशस्वी झाला आणि त्याने स्वतः पतंग उडवला तोही त्याच वर्षी. पुढच्याच वर्षी रशियात रिखमान नावाचा शास्त्रज्ञ असाच प्रयोग करताना मेला. त्या काळी युरोपात वादळ आलं की चर्चच्या घंटा वाजवायचे, आवाजाने वीज पळते म्हणून. घंटा सगळ्यांत उंच मनोऱ्यात आणि तिची दोरी ओली. घंटा वाजवणारे कितीतरी असे मेले. तेव्हा भाबडेपणा काही आपलीच मिरास नव्हे.

आता आंब्याचं. झाड उंच म्हणून वीज झाडावर पडते. पण खोडापेक्षा माणसाच्या अंगातून वाहणं तिला सोपं, म्हणून ती खोडावरून बाजूला उडी मारते. शिवाय मुळांजवळच्या जमिनीत प्रवाह पसरतो, एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. गुरांचे पुढचे-मागचे पाय लांब अंतरावर, म्हणून एका झाडाखाली चार-चार गुरं मरतात. त्या बाईचा अपराध एवढाच, की भिजू नये म्हणून तिने आडोसा शोधला. आपण सगळे तेच करतो.

करायचं काय, तर फार नाही. चमक दिसली की मोजायला लागा. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर चालतो. तीस सेकंदांच्या आत गडगडलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, काम टाका आणि पक्क्या घरात जा. खरं तर गडगडाट ऐकू आला तरी पुरे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. शेतातला मांगर, बसथांब्याची शेड, घराचा उघडा सोपा यांवर भरवसा ठेवू नका. काचा लावलेली मोटार किंवा बस चालते, पत्रा प्रवाहाला बाहेरूनच जमिनीत नेतो. स्कूटर चालत नाही. घरात नळाखाली आंघोळ नको, प्लगला जोडलेल्या वस्तूंना हात नको. खिशातला मोबाईल वीज ओढत नाही, चार्जिंगला लावलेला मात्र हातात धरू नये. कापणीनंतरच्या शेतात पोरं फुटबॉल खेळतात, त्यांना एक गोल राहिला तरी घरी बोलवा. आणि कुणावर पडलीच, तर त्याला हात लावायला भिऊ नका, त्याच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही. श्वास थांबला असेल तर छाती दाबत राहा आणि १०८ ला फोन करा. यातले पुष्कळ जण वाचतात.

देशात विजेने दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. २०२२ सालचा सरकारी आकडा २,८८७ आहे. वादळाच्या आधी इशारा मिळत नाही असंही नाही. हवामान खात्याचे इशारे येतात. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ हे अ‍ॅप आसपास कुठे विजा पडताहेत ते मोबाईलवर दाखवतं. पण कापणीला वाकलेल्या बाईच्या कमरेला विळा असतो, मोबाईल घरी चार्जिंगला. इशारा कचेरीत येतो, आवक क्रमांक घेतो आणि फायलीत बसतो. हे मी दुसऱ्या कुणाला नावं ठेवायला लिहीत नाही, तो क्रमांक घालणाऱ्यांत मीही आहे.

माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक देवळाला आज कर्णा आहे, जत्रेत तो रात्रभर चालतो. चर्चला घंटा आहे, कितीतरी ठिकाणी तिचाही कर्णा झाला आहे. ऑक्टोबरात आणि मेमध्ये पंचायतीने एक फोन करावा आणि कर्ण्यावरून एकच वाक्य सांगावं: गडगडतंय, घरी या. पूर्वी वीज पळवायला घंटा वाजायची, आता माणसं घरी आणायला वाजू दे. खर्च शून्य. मरणानंतर आम्ही चार दाखले मागतो, त्याआधी एक वाक्य देणं आम्हांला जड का व्हावं?

त्या मुलीचं पुढे लग्न झालं. उशिरा झालं. परवा जत्रेत भेटली, कडेवर पोर होतं. मी तिला तिच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर सांगितलं, उभ्या उभ्या, पाच मिनिटांत. ती ऐकत राहिली आणि एवढंच म्हणाली, ‘हें तेन्ना सांगपाचें आशिल्लें, भाऊ.’

खरं आहे.

असो. उसण काढायला मी अजून जातो, लोकांचा विश्वास आणि चहा दोन्ही मोडवत नाहीत. मात्र आता माझी फी आहे. पालथ्या पडलेल्या माणसाला आधी तीस सेकंदांचा हिशेब ऐकावा लागतो. तो हलू शकत नाही, त्यामुळे पूर्ण ऐकतो.