‘विश्रांती घे’ म्हणजे किती?



ज्या शस्त्रक्रियेची घाई नसते ती बहुतेक पालक मुलांच्या सुट्टीत उरकून घेतात. टॉन्सिल्स असोत की अंतर्गळ म्हणजे हर्निया, शाळा बुडायला नको हा त्यामागचा विचार. एक-दोन दिवसांत मूल घरी येते. खाट खिडकीपाशी सरकवली जाते, मावशी-काका मोसंबी घेऊन भेटायला येतात आणि प्रत्येकजण बजावतो, “अजिबात हलायचं नाही हं, पडून राहा!” रुग्णालयाच्या कागदावरही बहुधा एवढेच असते : विश्रांती घ्यावी, जड वस्तू उचलू नये.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे अडायला हवे. विश्रांती म्हणजे काय? जड म्हणजे किती किलोग्रॅम? प्रयोगवहीत एकक लिहिले नाही तर तुमचे गुण कापले जातात. मग ज्या सूचनेवर जखम भरणे अवलंबून आहे, ती आकड्यावाचून का चालावी?

प्रथम विश्रांतीचे पाहू. एकोणिसाव्या शतकात पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रोग्याला दोन-तीन आठवडे अंथरुणातून उठू देत नसत. १८९९ साली शिकागोचे शल्यचिकित्सक एमिल रीस यांनी रोग्यांना लवकर उठवावे असे मांडले. पण फारसे कोणी ऐकले नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खाटा आणि परिचारिका अपुऱ्या पडू लागल्या, रोग्यांना लवकर उठवणे भाग पडले, आणि त्यांचे नुकसान न होता उलट फायदाच होतो असे आढळले.

याचे कारण तुमच्या पोटरीत आहे. उभ्या माणसाच्या घोट्यापासून हृदयापर्यंत रक्ताचा सुमारे १२० सेंटिमीटर उंचीचा स्तंभ असतो. पारा रक्ताच्या जवळजवळ १३ पट जड. म्हणून या स्तंभाचा दाब होतो सुमारे ९० मिलीमीटर पारा. चालताना पोटरीचे स्नायू शिरा पिळतात, शिरांतील झडपा रक्ताला खाली परतू देत नाहीत, आणि घोट्याजवळचा दाब साधारण एक तृतीयांशावर येतो. पोटरी हा जणू दुसरा पंपच आहे. आडवे पडल्यावर स्तंभ राहत नाही हे खरे. पण हा पंपही बंद पडतो आणि रक्त संथ वाहते. संथ रक्तात गुठळी होण्याची भीती वाढते. मुलांमध्ये ती थोडी, पण आजी-आजोबांमध्ये बरीच. शिवाय सतत उताणे पडून उथळ श्वास घेतला तर फुफ्फुसांचा खालचा भाग नीट फुगत नाही आणि कफ साठतो.

मग चालायचे, तर दप्तरही उचलायचे का? मुळीच नाही! त्वचेचे टाके साधारण ७ ते १० दिवसांत काढतात आणि घरच्यांना वाटते, जखम भरली. पण तीन आठवड्यांनंतरही जखमेची जागा मूळ त्वचेच्या सुमारे एक पंचमांश ताणच सोसू शकते. तीन महिन्यांनी हे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवर जाते. शंभर टक्के कधीच होत नाही. जखम मिटलेली दिसणे आणि ती बळकट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता १५ लिटरची भरलेली बादली घ्या. नुसत्या पाण्याचेच वजन १५ किलोग्रॅम. ती उचलताना आपण श्वास रोखतो, पोटातील दाब वाढतो आणि सारा ताण त्या कोवळ्या सांध्यावर येतो. खोकतानाही असेच होते. म्हणूनच पोटाची शस्त्रक्रिया झालेल्याला खोकताना पोटाशी उशी घट्ट धरायला सांगतात. बाहेरून दिलेला आधार आतल्या दाबाला तोंड देतो.

सारांश, चालणे आणि उचलणे या दोहोंना एकाच ‘विश्रांती’त बांधणे चूक आहे. घरी निघण्यापूर्वी डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. रोज किती वेळा, किती मिनिटे चालू? किती किलोग्रॅमपर्यंत आणि किती आठवड्यांनी उचलू? आंघोळ कोणत्या दिवसापासून? ताप किती अंशांवर गेला, किंवा जखमेत काय दिसले, तर लगेच परत येऊ? उत्तरे शस्त्रक्रियेगणिक बदलतात, म्हणून शेजाऱ्याचा आकडा आपल्याला चालणार नाही.

वडीलधारी म्हणतील, डॉक्टरांना उलट विचारू नये. पण नीट समजून घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. डॉक्टरांनीही ही उत्तरे मराठीत, आकड्यांसह लिहून द्यावीत.

शिक्षकांनाही एक विनंती. २०२० च्या शालेय दप्तर धोरणाने दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवले आहे. पण ती मर्यादा धडधाकट मुलांसाठी आहे. सुट्टीत शस्त्रक्रिया झालेला विद्यार्थी वर्गात आला तर त्याचा कागद मागून पाहा, दप्तर दुसऱ्याकडे द्या आणि कवायतीतून त्याला सूट द्या. मात्र मधल्या सुट्टीत त्याला बाकावर बसवून ठेवू नका. डॉक्टरांनी चालायला सांगितले असेल, तर त्याला चालू द्या.