ज्यांचा पंचनामा कुणी करत नाही

निर्वासितांची बातमी आली की आपल्या घरांत पहिला विचार येतो तो अन्नाचा आणि पांघरुणाचा. रमजानमध्ये जकात-सदक्याची आवाहने येतात, त्यांतही शिधा, ब्लँकेट आणि औषधे यांचीच यादी असते. ते योग्यच आहे. भुकेल्याला आधी घास हवा. पण मदतीचा आणखी एक प्रकार आहे आणि त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. माणसे मोजणे, त्यांची हकिगत त्यांच्याच तोंडून लिहून घेणे आणि ते कागद न्यायालयात व संसदेत नेऊन ठेवणे, हे ते काम. या महिन्यात त्याबद्दल बोलू.

पुरात घर पडले तर आपल्याकडे काय होते, ते आठवा. तलाठी येऊन पंचनामा करून जाईपर्यंत माणूस पडक्या भिंतीला हात लावत नाही. पंचनामा झाला नाही तर भरपाईच्या यादीत नाव येत नाही. नुकसान खरे असले तरी सरकारच्या लेखी ते झालेलेच नसते. युरोपच्या सीमांवर गेली कित्येक वर्षे हजारो माणसांच्या बाबतीत हेच घडत आले आहे. त्यांच्यावर बेतले ते खरे, पण पंचनामा करायला कुणी येत नव्हते. जे काम सरकारांनी टाळले, ते काही लहान धर्मादाय संस्थांनी अंगावर घेतले.

फ्रान्सच्या उत्तर टोकाला कॅले नावाचे बंदर आहे. तिथून समुद्रापलीकडचे इंग्लंड जेमतेम ३३ किलोमीटरवर आहे. हवा स्वच्छ असेल तर डोव्हरचे पांढरे कडे कॅलेच्या किनाऱ्यावरून दिसतात. पण २००३ च्या ल तुके करारानुसार ब्रिटनची तपासणी फ्रान्सच्या भूमीवरच होते. म्हणून इंग्लंडला जाऊ पाहणारा निर्वासित कॅलेमध्येच अडकतो. २०१५ मध्ये शहराबाहेर, जुन्या कचरा डेपोच्या जागेवर, तंबू आणि फळ्यांची मोठी वस्ती उभी राहिली. अफगाणिस्तान, सुदान, इरिट्रिया, इराक, सीरिया अशा देशांतून आलेली माणसे तिथे राहत होती. चिखलात मशिदी होत्या, इरिट्रियन लोकांनी बांधलेले चर्च होते, छोटी दुकाने होती आणि शाळाही होती. जगभर या वस्तीला ‘जंगल’ म्हणत. हा शब्द अफगाण लोकांच्या बोलीतून आला आणि आपल्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

या जंगलात नेमकी किती माणसे राहत होती? प्रश्न साधा दिसतो, पण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून होते. २०१६ च्या सुरुवातीला फ्रेंच प्रशासनाने वस्तीचा दक्षिण भाग पाडायचे ठरवले. तिथे फार तर हजारभर लोक राहतात, असे प्रशासनाचे म्हणणे होते. ‘हेल्प रेफ्युजीज’ या ब्रिटिश संस्थेच्या स्वयंसेवकांनी तंबू-तंबूतून फिरून मोजणी केली. आकडा निघाला ३,४५५, म्हणजे सरकारी अंदाजाच्या तिपटीहून जास्त. त्यात शेकडो मुले होती आणि बऱ्याच मुलांबरोबर आई, वडील किंवा कुणीही मोठे माणूस नव्हते. लीलच्या न्यायालयाने पाडकामाला परवानगी दिली, मात्र शाळा आणि प्रार्थनास्थळे यांसारख्या सामुदायिक जागांना हात लावू नये असे सांगितले. पाडकाम झाल्यावर याच संस्थेने पुन्हा मोजणी केली. एकटी राहणारी १२९ मुले आता सापडत नव्हती. पहिली यादी नसती, तर ही मुले हरवली हेसुद्धा कुणाला कळले नसते.

त्याच फेब्रुवारीत लंडनच्या आणखी एका संस्थेने तिथे दुसऱ्या पद्धतीने काम केले. पुढे ‘रेफ्युजी राइट्स युरोप’ या नावाने ती ओळखली गेली. तिच्या कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या ८७० जणांशी बोलून प्रश्नावल्या भरून घेतल्या. निवारा कसा आहे, आजारपण किती, रात्री सुरक्षित वाटते का, पोलिसांचा अनुभव काय, असे हे प्रश्न होते. उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी पोलिसांकडून हिंसा झाल्याचे सांगितले. एखाद्याने सांगितले की पोलिसांनी मारले, तर अधिकारी म्हणू शकतो की हा एकट्याचा आरोप आहे. शेकडो माणसे वेगवेगळ्या तंबूंत बसून तेच सांगतात, तेव्हा त्याला उत्तर द्यावे लागते.

अशी माहिती गोळा करणे सोपे नसते. निर्वासिताला कागदाची भीती वाटते. युरोपीय संघात डब्लिन नियम नावाची व्यवस्था आहे. ज्या देशात माणसाने पहिले पाऊल ठेवले आणि बोटांचे ठसे दिले, सर्वसाधारणपणे त्याच देशाने त्याच्या अर्जाचा निर्णय करायचा. त्यामुळे ग्रीस किंवा इटलीत ठसे दिलेल्या माणसाला सतत धाक असतो की आपल्याला उचलून तिकडे परत पाठवतील. असा माणूस अनोळखी पाहुण्याला आपले नाव का सांगेल? म्हणून अशा कामात नाव विचारले जात नाही, त्याच्या मातृभाषेत बोलणारा माणूस सोबत नेला जातो, आणि नको वाटेल त्या प्रश्नाला उत्तर न देण्याची मोकळीक असते. विश्वास बसल्यावरच माणूस बोलतो.

त्या वसंत ऋतूत एक घटना घडली आणि ती जगभरच्या वर्तमानपत्रांत आली. स्वयंसेवकांनी जंगलातल्या मुलांना साधे मोबाइल फोन दिले होते आणि अडचणीत असाल तर या नंबरवर संदेश पाठवा, असे सांगून ठेवले होते. एप्रिलमध्ये एका अफगाण मुलाचा मोडक्या इंग्रजीत संदेश आला. तो बंद ट्रकमध्ये होता, ट्रक थांबत नव्हता आणि आत हवा संपत चालली होती. मुलाचे वय होते सात वर्षे. संस्थेच्या लोकांनी पोलिसांना कळवले, पोलिसांनी फोनचा माग काढला आणि लीसेस्टरजवळ ट्रक उघडून सगळ्यांना जिवंत बाहेर काढले. या मुलाची ओळख कुणीतरी ठेवली होती, म्हणून त्याची हाक कुठेतरी पोहोचली.

आता न्यायालयाकडे येऊ. डब्लिन नियमांतच एक चांगली तरतूद होती. एकट्या मुलाचे जवळचे नातलग युरोपच्या दुसऱ्या देशात कायदेशीर राहत असतील, तर मुलाला त्यांच्याकडे जाता येते. ही तरतूद कागदावर होती, पण कॅलेतल्या मुलाला ती सांगणारे कुणी नव्हते आणि फ्रान्समधली प्रक्रिया महिनोन् महिने रेंगाळत होती. ‘सिटिझन्स यूके’ या संस्थेच्या मदतीने तीन सीरियन मुले आणि एक आजारी तरुण यांची बाजू लंडनच्या न्यायाधिकरणापुढे मांडली गेली. चौघांचीही भावंडे इंग्लंडमध्ये होती. जानेवारी २०१६ मध्ये निकाल लागला की त्यांना लगेच येऊ द्यावे. त्याच वर्षी वरच्या न्यायालयाने म्हटले की असा थेट मार्ग फक्त अत्यंत निकडीच्या प्रकरणांतच वापरावा. पण तोवर मुले आपल्या माणसांत पोहोचली होती आणि ही तरतूद आहे हे सगळ्यांना कळले होते.

संसदेत हीच बाजू लॉर्ड आल्फ डब्स यांनी मांडली. १९३९ मध्ये सहा वर्षांचे असताना ते स्वतः नाझींच्या तावडीतून सुटून प्रागहून आगगाडीने एकटे लंडनला आले होते. युरोपात एकट्या पडलेल्या ३,००० मुलांना ब्रिटनने घ्यावे, अशी त्यांची मागणी होती. तडजोडीत आकडा गेला, पण तरतूद २०१६ च्या कायद्यात आली. ऑक्टोबरमध्ये जंगल पूर्ण पाडले गेले आणि त्या काळात फ्रान्समधून साडेसातशेहून अधिक मुले ब्रिटनला पोहोचली. पुढे सरकारने डब्स योजनेची मर्यादा ४८० वर ठरवली. ‘हेल्प रेफ्युजीज’ कोर्टात गेली. मर्यादा काही हटली नाही. पण ज्या मुलांना नाकारले त्यांना नीट कारण दिले गेले नाही, हे बेकायदा होते, असे अपील न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले.

यश अर्धेच होते, हे मान्य करायला हवे. जंगल गेले, पण कॅलेची माणसे गेली नाहीत. आजही त्या भागातल्या झुडपांत छोटे तंबू पडतात, पोलीस ते वारंवार उठवतात, आणि ‘ह्यूमन राइट्स ऑब्झर्व्हर्स’ या संस्थेचे तरुण प्रत्येक वेळी तिथे उभे राहून तारीख, वेळ आणि जप्त झालेल्या वस्तू लिहून ठेवतात. कुणी विचारेल, या वह्या भरून काय मिळणार?

याचे उत्तर स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या निकालांत मिळते. काबूलमध्ये परदेशी फौजांसाठी दुभाष्याचे काम केलेला एक अफगाण ग्रीसमार्गे बेल्जियमला पोहोचला. डब्लिन नियम दाखवून बेल्जियमने २००९ मध्ये त्याला ग्रीसला परत धाडले. तिथे त्याला गच्च भरलेल्या कोठडीत ठेवले आणि सुटल्यावर तो अथेन्सच्या बागेत झोपू लागला. जानेवारी २०११ मध्ये न्यायालयाने ग्रीसला दोषी धरले आणि बेल्जियमलाही धरले. ग्रीसमधल्या हालांबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचे आणि स्वयंसेवी संस्थांचे इतके अहवाल उपलब्ध होते, की आम्हाला माहीत नव्हते असे बेल्जियमला म्हणता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. त्यानंतर युरोपीय देशांनी कित्येक वर्षे ग्रीसला माणसे परत पाठवणे थांबवले. कुणी वाचत नाही असे वाटणाऱ्या अहवालांनी हे घडवले.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. ७ जानेवारी २०२५ रोजी याच न्यायालयाने ग्रीसविरुद्धच्या दोन प्रकरणांचा निर्णय एकाच दिवशी दिला. सीमेवरून निर्वासितांना गुपचूप मागे ढकलण्याची पद्धतशीर रीतच ग्रीसमध्ये होती, हे न्यायालयाने संस्थांच्या अहवालांवरून मान्य केले. एक अर्जदार तुर्की महिला होती. २०१९ मध्ये एव्रोस नदी ओलांडल्यावर तिला त्याच दिवशी परत ढकलले होते. ती ग्रीसमध्ये पोहोचली होती हे दाखवणारे पुरावे तिच्या बाजूने होते आणि ‘ग्रीक कौन्सिल फॉर रेफ्युजीज’चे वकील सोबत होते. ती जिंकली, २०,००० युरोची भरपाई मंजूर झाली. दुसरा अर्जदार एकटा अफगाण मुलगा होता. त्याची तक्रारही समुद्रात मागे ढकलल्याची होती, पण त्याच्याबाबतीत पुरावा अपुरा ठरला आणि त्याचा अर्ज दाखलच करून घेतला नाही. पुरावा असणे आणि नसणे, यात केवढे अंतर पडते ते इथे दिसते.

युरोपला हे सारे परके नाही. १९५१ चा निर्वासित करार झाला तो मुळात दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेल्या युरोपियनांसाठी. १९६७ नंतर तो साऱ्या जगाला लागू झाला. १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले होती. आश्रय मागणारे कोण आणि देणारे कोण, हे काळ बदलला की बदलते.

निर्वासिताचे म्हणणे आधी ऐकायचे, ही रीत आपल्यालाही नवी नाही. इ.स. ६१५ च्या सुमारास मक्केतले मुसलमान हिजरत करून हबशाला गेले, तेव्हा त्यांना परत नेण्यासाठी कुरैशचे दूत नजराणे घेऊन नजाशीच्या दरबारात आले. नजाशीने एका बाजूचे ऐकून त्यांना हवाली केले नाही. त्याने मुहाजिरांना बोलावले आणि हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) यांना त्यांचे म्हणणे मांडू दिले. ते ऐकल्यावर त्याने नजराणे परत केले आणि मुहाजिरांना आश्रय दिला.

म्हणून, वाचक भगिनी-बंधूंनो, पुढच्या वेळी निर्वासितांसाठी काही देताना संस्थेला एक प्रश्न जरूर विचारा. तुम्ही वाटप करता ते उत्तम, पण ज्यांना वाटता त्यांच्यावर काय बेतले याची नोंद कुणी ठेवते का? वकिलाची फी, दुभाष्याचा पगार, प्रश्नावल्यांचा खर्च या गोष्टी पत्रकावर छापून चांगल्या दिसत नाहीत, त्यामुळे त्यांना पैसे मिळायला त्रास होतो. घरात कायदा, समाजशास्त्र किंवा भाषा शिकणारी मुले-मुली असतील, तर त्यांनाही सांगा की तंबूत बसून एखाद्याची हकिगत नीट, खरी आणि न वाढवता लिहून घेणे हेही मोठे काम आहे. ब्लँकेटने एका रात्रीची थंडी भागते. त्या मुलाला पुन्हा उघड्यावर झोपावे लागू नये, यासाठी मात्र कुणीतरी त्याचा पंचनामा करून ठेवावा लागतो.