बुद्ध्यांकाचा शिक्का

मुलाचा बुद्ध्यांक सत्तरच्या खाली आला असे कळले की घरात पहिला प्रश्न निघतो : हे कोणाकडून आले? बहुतेक वेळा बोट आईच्या माहेराकडे जाते.

पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओदोर सिमोन यांनी ३० कसोट्यांची चाचणी तयार केली, तेव्हा प्रश्न निराळा होता. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळे शिक्षण द्यायचे होते. बुद्धी जन्मतः ठरते आणि पुढे वाढत नाही, हे मत बिने यांना मान्य नव्हते.

अमेरिकेत हेन्री गोडार्ड यांनी हीच चाचणी नेली, पण मंदबुद्धी रक्तातून उतरते या ठाम समजुतीने. पहिल्या महायुद्धात सुमारे १७ लाख सैनिकांची बुद्धी मोजली गेली. प्रश्नांत अमेरिकी खेळाडू आणि बाजारातील माल होता. नुकत्याच आलेल्या परदेशी माणसाला ते कुठून ठाऊक असणार? जितकी वर्षे अमेरिकेत, तितके गुण जास्त, हेही दिसले. तरी निष्कर्ष निघाला तो वंशाच्या कमीपणाचा. १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्यांची सक्तीची नसबंदी वैध मानली. विसाव्या शतकात अशा कायद्यांखाली ६० हजारांहून अधिक लोकांची नसबंदी झाली.

आनुवंशिकतेचा वाटा असतोच. उंचीतही असतो, पण पोटभर अन्न मिळाले की पुढची पिढी उंच होते. विसाव्या शतकात अनेक देशांत बुद्धिचाचण्यांचे सरासरी गुण दशकाला सुमारे तीनने वाढले. जनुके इतक्या वेगाने बदलत नाहीत. गरोदरपणी आयोडीन कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. आयोडीनयुक्त मिठाने ते टळते. जन्मतः थायरॉइड कमी असलेले बाळ टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून ओळखता येते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बहुतेकांची बुद्धी नीट वाढते.

धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात बिने यांची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. ती आजही वापरात आहे. तिच्या आकड्यावर प्रमाणपत्र मिळते, सवलती मिळतात, ते योग्यच. मात्र त्याआधी मुलाचे कान, डोळे, थायरॉइड आणि रक्तातील हिमोग्लोबिन तपासलेले असावे. त्यानंतर विशेष शिक्षक मिळावा आणि काही वर्षांनी पुन्हा चाचणी व्हावी. माहेर-सासरच्या चौकशीने मुलाच्या हाती काही पडत नाही.